शाईखालचं

डलूथच्या लायब्ररीत ती जुनी कादंबरी मिळाली,
जिच्यात एका शहराला शब्द परत करावे लागतात,
दर महिन्याला थोडे, कार्डावर शिक्का मारून घेऊन.
चाळीस पानं बसमध्येच संपली.
एकेचाळिसाव्यावर निळा पट्टा.
मग आणखी एक. मग तीन.

आधी वाटलं, लेखकाचीच खोडी.
काय डोकं, म्हटलं, खोडूनच दाखवतोय!
नीट पाहिलं तर बॉलपेनच्या रेघा, एकावर एक,
आणि एका ठिकाणी हात घसरून
शेजारचं निरपराध उभयान्वयी अव्ययही गेलेलं.

काउंटरवरच्या आयली कोस्किनेनबाईंनी
चष्मा कपाळावर सरकवून पानं चाळली.
शिव्या खोडल्यात, म्हणाल्या, आणि न्हाणीतला प्रसंग.
हिबिंगला दुसरी प्रत आहे,
मंगळवारपर्यंत येईल.
मी नको म्हटलं. का, ते सांगता आलं नाही.

घरी खिडकीशी बसले.
बाहेर सरोवर काठापासून गोठलेलं.
पान उजेडात धरलं की
निळ्याआडून छापील काळं हळूच वर येई.
दाबून दाबून खोडलं होतं त्यानं, किंवा तिनं;
पाठच्या पानावर वळ उठले होते.
एक शिवी सापडली. अगदी साधी,
इचलकरंजीत आम्ही म्हशीलाही देतो, लाडानं.
मोठ्यानं म्हणून पाहिली.

राग यायला हवा होता.
पण ओळ न् ओळ, एकही न गाळता,
इतकं मन लावून हे पुस्तक
मीसुद्धा वाचलं नव्हतं.

तेवढ्यात दादाचा फोन.
काय करतेस?
वाचतेय.
काय?
काही नाही रे, असंच एक.

गेल्या दिवाळीपासून तो म्हणतो, फोनवर नको ते विषय.
कोणते, ते आम्ही कधी ठरवलं नाही.
हवा कशी आहे, त्यानं विचारलं.
उणे एकोणीस.
आणि तुझ्याकडे सगळं?
ठीक, म्हणाला, जरा थांबून.
फोन ठेवल्यावर त्या 'ठीक'च्या पाठीवरून
बराच वेळ बोट फिरवत राहिले.

पुस्तक परत करताना, काउंटरवरच,
तिथल्याच बुटक्या पेन्सिलीनं
तेवढं एक अव्यय समासात लिहून दिलं.
शिव्याही आठवत होत्या, पानांसकट.
पण आयलीबाई बघत होत्या.