दंताळं

आमची नदी उत्तरेला वाहते.
इकडचा बर्फ वितळतो तेव्हा
तिकडे अजून सगळं गोठलेलं असतं.
मग पाणी जाईल कुठं?
मागं फिरतं, बीटच्या शेतांत पसरतं,
लुथरन चर्चच्या तळघरात, कॉफीच्या किटल्यांत शिरतं.

हे आधी सांगते, कारण
ऑर्लिन हाउगेनची गोष्ट वाळूची आहे
आणि वाळूचं काम आमच्या गावात दोनच ठिकाणी पडतं.

सतरा वर्षांचा असताना त्यानं
बावीस फूट साडेतीन इंच उडी मारली होती.
शाळेच्या जिममध्ये नाव लागलं,
काळी पाटी, पांढरा रंग.
विद्यापीठानं बोलावलंही होतं म्हणतात.
त्याच वर्षी बीटच्या यंत्रात बापाचा हात गेला
आणि पोरगा शेतावर राहिला.
तो याबद्दल कधी बोलला नाही.
आम्हीच बोलायचो, बसच्या मागच्या बाकांवर.
पुढं जमीन गेली, तेव्हा ती बस तोच चालवायचा,
आणि दुपारी तीननंतर आमचा कोच व्हायचा.

‘पाय बघू नकोस. पाय कुठं पळून जात नाहीत.’
हे एक.
दुसरं, उडी झाली की दंताळं उचलायचं.
‘तुझा खड्डा तू बुजव.
पुढच्याला सपाट वाळू मिळाली पाहिजे.’

मी मारायचे तेरा फूट. चांगल्या दिवशी चौदा.
माझी खूण मोजतानाही तो गुडघ्यावर बसायचा,
एक डोळा मिटून टेप ताणायचा,
जणू पाव इंचानं काही बिघडणार होतं.

मी नववीत होते त्या एप्रिलात
रात्री दोनला गावातली वाळू संपली.
ट्रक हायवेवर अडकलेले.
हाउगेननं खिशातून शाळेची किल्ली काढली.
आम्ही उडीचा खड्डा उपसला,
नऊशे चाळीस पिशव्या, मी मोजल्यात,
आणि माझे सगळे चौदा फूट
गुंडर्सनबाईंच्या दाराशी रचून ठेवले.
त्यांचं घर वाचलं नाही.
शेजारचं वाचलं. का, ते कुणी सांगू शकलं नाही.
त्या हंगामात आम्ही ओल्या पेंढ्यात उड्या मारल्या.
आकडे कुणी लिहिले नाहीत.

एफ्राइन साल्दीवारचे आईबाप
बीटच्या हंगामापुरते आले आणि इथलेच झाले.
पोरानं बावीस फूट चार इंच मारली.
हाउगेननं तीनदा मोजलं.
तीनदा अर्धा इंच त्या पोराचाच निघाला.
सोमवारी शिडीवर तोच चढला.
एका हातात रंग, दुसऱ्यात चिठ्ठी,
एफ्राइनच्या आईकडून लिहून आणलेली,
नावावरची ती तिरकी रेघ राहू नये म्हणून.
आपलं नाव पुसायला फडकंही त्यानंच आणलं होतं,
एक जुना बनियन.

निवृत्तीनंतर तो डायलिसिसच्या म्हाताऱ्यांना
साठ मैल न्यायचा, साठ मैल आणायचा.
गाडीत कुणाला उलटी झाली तर
थंडीत बादली घेऊन सीट धुवायचा,
आणि सकाळी सहाला पुन्हा दारात हॉर्न.
गुंडर्सनबाई म्हणायच्या, हा माणूस बोलत नाही,
पण हॉर्न मात्र फार हळू वाजवतो.

फेब्रुवारीत गेला.
जमीन दगड झालेली,
म्हणून पुरणं एप्रिलवर गेलं,
आणि एप्रिलात नदी वर येत होती
म्हणून अर्ध्या लोकांच्या बुटांना चिखल, हातांना वाळू.
पाद्री थोडक्यात बोलले.
खोदणारं यंत्र माती लोटून निघून गेलं,
ढेकळं तशीच, उंचसखल.

एफ्राइन गाडीकडे गेला.
डिकीतून त्यानं दंताळं काढलं.
चाळिशीचा माणूस, चांगला सूट,
डोक्याकडून पायांकडे
सावकाश ओढत आला.
कुणी काही म्हणालं नाही.
मातीवर बारीक समांतर रेघा उठत गेल्या.

मी किती वेळ
माझे पाय बघत होते.