दहापासून मोजायचं

कारखान्याच्या दक्षिण फाटकावर
मी वॅगनी मोजायचे.
टेपचं दुसरं टोक वेंडेलच्या हातात;
तो युटामधल्या कुठल्याशा मिठाच्या गावचा.
उणे एकतीस. त्याच्या मिशीत बर्फाचे खडे.
मी म्हणायचे, तेरा मीटर बासष्ट.
तो म्हणायचा, तेरा बासष्ट.
दोन वह्या, दोन लिप्या, एक आकडा.
मग सह्या.
मग फाटक.

करार सांगायचा: चौदाच्या आतली जाऊ द्या,
चौदाच्या वरची उघडा.
चौदाच का, ते सगळ्या गावाला ठाऊक होतं
आणि गाव ते ठाऊक नसल्यासारखं राहायचं.
आमच्या कारखान्यात काय बनतं?
धुलाई यंत्रं. बाळांच्या ढकलगाड्या.
त्याही बनायच्या, खोटं नाही,
शेजारच्या इमारतीत.

माझा विताली आत, इंधनाच्या खात्यात.
तो भरायचा, मी मोजायचे,
आणि रात्री जेवताना आम्ही बटाट्यांविषयी बोलायचो.
वेंडेलला विचारायचा हक्क होता, कलमासकट:
या वॅगनीत काय आहे?
मला नव्हता.
सातासमुद्रापारचा माणूस फाटकावर जे विचारी
ते मला माझ्या चुलीपाशी विचारता आलं नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात टेपचं टोक झिजलं.
पत्र्याची कडी ढिली, पहिले दोन आकडे पुसट.
नवी टेप कुणी द्यायची
यावर दोन राजधान्यांत कागद फिरत राहिले.
वेंडेलचा बाप सुतार होता.
त्यानं दाखवलं, तोडक्यामोडक्या रशियनमध्ये:
दहापासून धरायचं, ग्लाफिरा,
आणि शेवटी दहा वजा करायचे.
टोक खराब आहे हे लपवायचं नाही.
दोघांनी लक्षात ठेवायचं, बस.

मापात पाप नको, म्हणतात.
मी तेरा वर्षं मापं घेतली. पाप असतंच.
ते किती आहे हे दोन्ही टोकांना माहीत असलं
तर वॅगन जाते.

एकदा वेंडेल तापानं पडला,
बदली आला एक पोरगा, कोरा चष्मा, कोरे बूट.
टेप बघून म्हणाला: चौदा मीटर आठ.
मी तेरा अठ्ठ्याण्णव लिहीत होते. हात थांबला.
त्यानं वॅगनीपुढे येऊन दोन्ही हात पसरले.
आमच्या पहारेकऱ्यांनी बंदुकीचे पट्टे खांद्यावरून उतरवले.
कर्नल आला. दुसरा फोन. तिसरा फोन.
चार तास इंजिन वाफा सोडत उभं,
आणि माझं कुणी ऐकेना, कारण मी मोजणारी बाई.
शेवटी मीच त्याच्या वहीवर बोट ठेवलं:
दहा वजा कर, बाबा.
त्यानं वजा केले.
मग कानापर्यंत लाल झाला, आणि मी खिशातली
मशरूमची पुरी अर्धी मोडून त्याला दिली.
गार होती. खाल्लीन.

ते गेले. फाटकावरची त्यांची खोली पाडली.
करार नंतर, एका उन्हाळ्यात, रेडिओवर मेला,
हवामान आणि दुधाच्या भावाच्या मधोमध.
मी बडीशेप खुडत होते. खुडत राहिले.

विताली गेला तेव्हा पेटीचं माप मीच घेतलं,
त्याच टेपनं, दहापासून.
सुताराला आकडा सांगताना वजा करायचं विसरले.
पायाशी वीतभर जागा उरली.
तिथे त्याचे लोकरी बूट ठेवले.
आत काय बनवायचास, ते तेव्हाही विचारलं नाही.

आता रात्री दोनच्या सुमारास
खिडकीची काच थरथरते.
रूळांच्या सांध्यांवरून चाकं किती वेळानं खडखडतात
त्यावरून मला लांबी कळते,
कानाला सवय आहे.
काल गेली ती चौदाच्या वरची होती.
आजची त्याहून लांब.

मी उठते, टेप उलगडते,
दहाच्या आकड्यावर अंगठा ठेवते.
दुसरं टोक फरशीवर पडून राहतं.