बारीक पिन

खानापूर स्टँडच्या मागं, रसाच्या गाड्याला टेकून
माझं दुकान. पाच फूट बाय सात.
पाटीवर वर कन्नड, मोठं,
खाली मराठी, नियमाच्या मापानं.
पेंटर म्हणाला, अण्णा, जागा संपली,
आणि 'दुरुस्ती'तली शेवटची वेलांटी
पत्र्याच्या घडीत घालून गेला.

गिऱ्हाईक तरी कुठं पाटी वाचतंय.
वायर वर धरतंय नुसती,
शेपटीला धरलेल्या उंदरासारखी,
आणि मी ड्रॉवर ओढतो.

त्यात माझी वीस वर्षं गुंतून पडलीत.
गोल पिन. त्याहून बारीक गोल पिन.
रुंद चपटी, कडेला दोन दात असलेली.
बुडालेल्या कंपनीची एक,
एक त्या कंपनीची, जी आपल्याच मापात मेली असती.
जांबोटीचा लुमाण्णा म्हणजे गोल,
गुंजीचे मास्तर म्हणजे चपटी.
नावं मी नंतर शिकलो.

आता म्हणे सगळ्यांना एकच.
तिकडं युरोपात सत्तावीस देश बसले,
चोवीस भाषांत भांडले,
आणि एका लंबगोल तोंडावर सह्या करून उठले.
उलटं घाला, सुलटं घाला, बसतंय.
इकडंही तेच येऊलालंय.
पेपर वाचून मी मोठ्यानं हसलो,
मग ड्रॉवरातल्या मालाची किंमत काढली
आणि गप चहा प्यालो.

गेल्या बुधवारी नंदगडच्या बसमधनं
तानूबाई उतरली, मागनं सून, दानम्मा, बैलहोंगलची.
सासूला कन्नड येत नाही, सुनेला मराठी.
भांडण दोघींना पुरतं येतंय.
"रोज माझी वायर नेऊलाली ही!"
"इल्ल री, अदु नंदु!"
रसवाल्यानं चरक थांबवला.

आधी दोन फोन होते, दोन पिना,
भिंतीत दोन खिळे.
कोण कुणाच्या खिळ्याकडं बघत नव्हतं.
पोरानं बेळगावहून दोघींना सारखे फोन आणले,
एक चार्जर उंदरानं खाल्ला,
आणि घरात पहिल्यांदा
दोघींना एकच वस्तू लागायला लागली.

"मला ती जुनी बारीक पिन दे," तानूबाई म्हणाली,
"हिच्यात बसणार नाही असली."
मावशी, ती तुमच्यातबी बसणार नाही.
"मग बसणाऱ्यातली दे, पण हिच्यात न बसणारी."
असा माल अजून कुठल्या देशानं काढला नाही.
मी दुसरी वायर दिली, तसलीच, पांढरी.
दोन चिकटपट्ट्यांवर दोन नावं लिहिली,
एक आडव्या रेघेखाली, एक वळणावळणानं.
दोघी वाकून बघत होत्या
कुणाचं अक्षर मोठं पडतंय.

काल तानूबाई एकटीच आली, रिचार्जला.
पिशवीतनं वायर लोंबत होती,
तिच्यावर वळणाचं नाव.
मी बघितलं तसं म्हणाली,
"लाईट यायजायची रे, हाताला आली ती घेतली.
आणि तिची जरा लांब आहे."
दोन्ही एक मीटरच्या. मी काही बोललो नाही.

संध्याकाळी लुमाण्णा. फोन तोच,
बॅटरी पोट सुटल्यागत, मागचं झाकण रबरानं बांधलेलं.
"गोल हाय काय रे अजून?"
ड्रॉवर ओढला.
आत कुठंतरी वायर अडकली.
परत ओढला.