छपराची वही

ओल्डरॉइड म्हणायचा, आधी पाणी, मग माती.
म्हणून आम्ही निचऱ्याची भोकं बोळे कोंबून बुजवली
आणि दोन दिवस, दोन रात्री
इंजिनिअरिंगच्या इमारतीवर
घोटाभर तळं उभं ठेवलं.
खाली चौथ्या मजल्यावर पोरं परीक्षा देत होती,
डोक्यावर ढग तरंगताहेत
याचा त्यांना पत्ता नव्हता.
छताला एक थेंब सुटला नाही.
त्याने वहीत लिहिलं: कोरडं. तारीख. सही.

मग मुळं अडवणारा काळा पडदा,
त्यावर अंड्यांच्या ट्रेसारखी खळग्याखळग्यांची चादर,
त्यावर घोंगडीसारखं करडं कापड,
आणि मग क्रेनने चढवलेली पोती.
माती नव्हतीच ती.
विटांचा चुरा, लाल, धारदार,
शेफील्डात नदीकाठचा चमच्यांचा कारखाना पाडला, त्याचा.
"आत्या होती माझी तिथे, चमचे घासायला," ओल्डरॉइड म्हणाला,
"कागदाचं एप्रन. संध्याकाळी नाकपुड्या काळ्या."
एवढंच. पुढचं पोतं फोडलं.
मी ओंजळीत चुरा घेतला,
वाटलं एखादा चमचा निघेल.
खिळा निघाला. तो त्याने माझ्याकडून काढून घेतला,
असली टोकं इथे चालत नाहीत म्हणाला.

सेडमची रोपं बोटाएवढी,
जाड पानांची, पानफुटीच्या भावकीतली.
"खत घालू नकोस, हनान.
उपाशी ठेवलीस तर टिकतील.
लाड केलेस तर गवत बसेल उरावर."
पहिल्या कोरड्या उन्हाळ्यात ती तांबडी पडली.
मला वाटलं, मेली.
कुलगुरूंच्या कार्यालयालाही वाटलं;
चिठ्ठी आली की माहितीपत्रकात छप्पर हिरवं छापलंय.
ओल्डरॉइडने उत्तर दिलं नाही.
वहीत: तांबडी. जिवंत.

तिसऱ्या हिवाळ्यात चारशे बारामध्ये गळायला लागलं,
डॉ. पेनिस्टनच्या टेबलावर, थेट प्रबंधांच्या गठ्ठ्यावर.
सगळी बोटं वर वळली.
लावा म्हणावं अजून झाडं छपरावर!
उपटून टाकायचा दरही मागवून झाला.
"गळती खोटारडी असते," ओल्डरॉइड म्हणाला,
"टपकते एकीकडे, राहते दुसरीकडे."
कमरेला पट्टा, दोरी कड्यात,
गोठलेल्या चुऱ्यात गुडघे टेकून
आम्ही वीत वीत उकरत गेलो.
पाच दिवस.
बारा मीटरवर, एसीच्या नव्या खोक्याच्या पायाशी
कुणीतरी निवांत पिळून बसवलेला स्क्रू,
पडद्यातून आरपार.
तो त्याने माझ्याकडून काढवला,
पुसला,
कुलसचिवांच्या टेबलावर नेऊन ठेवला
आणि काही न बोलता जिना उतरला.
वहीत: स्क्रू. एक.

आता वही माझ्याकडे.
वर्षातून दोनदा जाते. एकटीने जायचं नाही असा नियम,
म्हणून कॅलम बरोबर असतो, नवा, उंच, प्रश्न फार.
आम्ही निचऱ्यांची झाकणं उचलतो:
शेवाळ, कबुतराची पिसं,
एकदा पदवीदानाची टोपी, गोंड्यासकट.
मग रोपटी. सिकॅमोर, बर्च.
वाऱ्यावर आलेली, दोन-दोन पानांची.
चिमटीत धरायची, हलकेच ओढायची,
मूळ अख्खं आलं का बघायचं.
कॅलम म्हणाला, ही पण झाडंच ना?
मी म्हटलं, वजन.
चौरस मीटरला एकशेवीस किलो, ओलं धरून.
आवाज माझा होता, वाक्य नव्हतं.
तो गप्प झाला. मी उपटत राहिले.

एक बर्च मात्र हातातच राहिला.
दह्याच्या रिकाम्या डब्यात मूठभर लाल चुरा भरला,
आणि संध्याकाळी चढणीवरच्या त्या घराची बेल वाजवली.
ओल्डरॉइडने डबा उजेडात धरला,
खालून पाहिला, वरून पाहिला.
"निचरा कुठाय याला?"
म्हणाला,
आणि खिळा शोधायला आत गेला.