खर्चाचा अर्ज

मँडनमध्ये हार्डवेअरच्या दुकानावर माझं ऑफिस.
खाली खिळे वजनावर मिळतात,
वर मी वेळ विकतो, सहा-सहा मिनिटांच्या तुकड्यांत.

आर्डिथ वोल्बाउम. वय अडुसष्ट.
मधमाश्यांच्या दोनशे दहा पेट्या, सलग पाच वर्षं तोटा.
सरकार म्हणालं, हा धंदा नव्हे, छंद आहे;
तोटा वजा धरता येणार नाही,
भरा सहा हजार चारशे डॉलर.

जबानीत त्यांच्या वकिलाने अगदी गोडीत विचारलं,
माश्यांमध्ये जायला आवडतं का हो तुम्हाला?
टेबलाखालून मी तिच्या बुटाला बूट लावेपर्यंत
ती बोलून गेली होती: हो.
मग वर, कोणी न विचारता:
सकाळी, फार वारा नसला की.

तरी जिंकलो. बिस्मार्कला, दोन दिवसांत.
माझं बिल एकोणीस हजार.
चार आण्याची कोंबडी, आणि मसाला मी.

खर्च परत मागायचा तर नुसतं जिंकून भागत नाही.
सरकार चुकलं, एवढं पुरत नाही;
चुकायला त्यांच्याकडे धड कारणही नव्हतं
हे पटवावं लागतं.
आणि आपण फार श्रीमंत नाही, हेही.
म्हणून तिची मालमत्ता मांडली:
एकशे साठ एकर, एक ट्रक, मध काढायचं यंत्र,
नवऱ्याची बंदूक, जी कोणी उडवत नाही.
माश्यांची किंमत काय लावू?
ती म्हणाली, हिवाळा संपला की विचार.

सरकारचं उत्तर दीड पानाचं:
आवडतं, असं बाईच म्हणाल्या.
शंका घेणं रास्त होतं.

न्यायाधीशांनी मधोमध रेघ ओढली, नऊ मार्चला.
त्या दिवशी तिच्या वह्या त्यांच्या हाती पडल्या:
पेटीचा नंबर, राणीचं वय, किती पौंड मध,
कुठली पेटी कुठल्या रात्री गारठून मेली.
त्यानंतरही अडून बसणं म्हणजे हट्ट, सबब खर्च मंजूर.
त्याआधीचा नाही.

पण वह्या लावल्या त्या फेब्रुवारीत!
मेणाने चिकटलेली पानं
स्वयंपाकघरातल्या सुरीने सोडवत बसलो होतो,
ती आणि मी, तेरा रात्री.
ज्या कामाने जिंकलो ते रेघेच्या अलीकडे राहिलं.
पलीकडच्या तासांनाही कायद्याचा दर,
तो माझ्याहून कमी, आणि माझा काही मोठा नाही.
तिच्या स्वतःच्या रात्रींना तर दरच नाही.

चेक आला सात हजार एकशे बारा डॉलरचा.
तिने तो उलटा करून पाहिला,
मागे आणखी काही लिहिलंय का म्हणून.
उरलेलं बिल मी अर्धं केलं,
त्यातलं अर्धं ती हप्त्याने देते,
वर दर महिन्याला क्लोव्हरच्या मधाची एक बरणी.
बरणीची पावती मागते. देतो.

परवा जिन्यात गाठ पडली.
सहज विचारलं, अजून आवडतं का?
तिने दाराकडे पाहिलं, माझ्या खिशातल्या पेनाकडे पाहिलं.
म्हणाली,
लिहून घेणार नसशील तर सांगते.