इतिवृत्तातून वगळलेलं

चौकाला तिचं नाव नको म्हणता, तर नका देऊ.
चौक तसाही खड्ड्यांचाच,
आणि मथुराताई पिंगळे काही देवी नव्हती.
दोनदा पक्ष बदलला तिनं.
टाकळी रोडची गटार तिच्या पाच वर्षांत अर्धीच झाली,
उरलेली अर्धी कुठे गेली ते ठेकेदाराला ठाऊक.
हे सगळं बोला. मी मान डोलावीन.

पण काल एकजण म्हणाला,
लढाई चालू असताना बाई गप्प होती,
शवपेट्या आल्यावर मतं बघून बोलली.
लगेच दुसरा उठला : बोलली हीच गद्दारी.
आधी तुम्ही दोघं आपसांत ठरवून घ्या.
एका बाईच्या तोंडात दोन्ही कसं मावेल?

मी क्षेमकल्याणी. निवृत्त लघुलेखक, महापालिका.
एकतीस वर्षं व्यासपीठाच्या खाली बसून
वरचं बोलणं उतरवलं.
माझी पेन्सिल कुठल्याच पक्षात नव्हती
असं मी सांगत आलो.

तो लढाईचा दुसरा दिवस.
दहावा नाही, विसावा नाही. दुसरा.
मेन रोडला पेढे वाटत होते, सभागृहात बुंदी आली होती,
वहीच्या कोपऱ्यावर तुपाचा डाग अजून आहे.
देवळालीकडे तोफांचा सराव चालला होता,
तावदानं थरथरली की बाकं वाजायची.
ठरावात अभिनंदन, निधी, आणि शेवटी एक ओळ :
‘शत्रूचे नामोनिशाण मिटेपर्यंत.’
बाई उठली.

वाचतो. या खुणा आता
माझ्याशिवाय कुणाला लागत नाहीत.

‘निधी द्या. माझं वर्षाचं मानधन आत्ता लिहून घ्या.
पण ही शेवटची ओळ काढा.
माझा भाऊ तोफेवर आहे. तो सांगतो,
तोफेला नामोनिशाण कळत नाही, अंतर कळतं.
त्या अंतराच्या टोकाला कुणीतरी भाकरी थापत असेल.
लढाई थांबवा म्हणायला नाशिकची पालिका लहान आहे,
मला कळतं.
पण आणखी मारा म्हणायला
ती एवढी मोठी कधी झाली?’

इथे माझ्या रेघा वाकड्या होतात.
पाण्याचा पेला आला कुठून तरी.
‘खाली बसा’ सतरा वेळा. मोजून लिहिलंय.
बसली नाही.
बाजूने सगळे. विरुद्ध एक.

संध्याकाळी केबिनमधून बोलावणं.
माझ्यासाठी चहा सांगितला, पहिल्यांदाच.
‘एवढं लांबण कशाला टंकायचं, क्षेमकल्याणी?’
मी टंकलं :
सौ. पिंगळे यांनी विरोध नोंदविला. चर्चा झाली नाही.
बढती हवी होती मला. मिळाली.

तेव्हा आज छापील इतिवृत्त फडकवून
बाई गप्प होती म्हणता ना,
गप्प मी होतो.

तिच्या दारावर डांबर फासलं.
शेजारी रॉकेल मागायला गेली तर
बाटली रिकामी आहे म्हणाले, भरलेली दिसत असताना.
पुढच्या निवडणुकीत पडली, अनामतही गेली.
भाऊ परतला, एका कानानं बहिरा.
बाईनं त्यावरही भाषण केलं नाही,
फक्त त्याच्या चांगल्या कानाच्या बाजूनं
चालायला लागली.

पूर ओसरला की पाणी कुठवर होतं
ते गोदाघाटावर सगळेच सांगतात.
दुतोंड्या मारुतीच्या नुसत्या पावलांना पाणी लागलेलं,
लोक कठड्यावर भेळ खात बघत होते,
तेव्हा ही ओरडली.
माझी हरकत एवढ्यावरच आहे. तारखेवर.

नाव नका देऊ चौकाला.
ही वही घ्या.
आवक क्रमांक टाका, शिक्का मारा,
आणि मला पोच द्या.
उशिरा आली असा शेरा मारायचा तर मारा,
पण तो माझ्या नावापुढे.