डावा कान

नाशिकरोडच्या थिएटरात पहिली रांग
आमच्यासाठी दोरी बांधून अडवलेली.
धात्रक, मी, आणि गांगुर्डे वहिनी,
त्यांच्या मांडीवर गुच्छाचा प्लास्टिक कागद
मधूनच करकरतो.

पडद्यावरचा मी माझ्याहून उंच.
तोफेवर हात ठेवून मातीबद्दल बोलतो,
चांगलं पाऊण मिनिट.
मी तेव्हा म्हणालो होतो, 'गांगुर्डे, सरक.'
एवढंच.
तो सरकला.

डावा कान अर्धा देवळालीच्या रेंजवर गेला,
उरलेला तिकडे वर.
सत्काराला मी अशी खुर्ची धरतो
की टाळ्या डावीकडून याव्यात.
यंदा तीन मंडळं झाली, एक पतसंस्था,
द्वारका सर्कलला फ्लेक्स:
नाव माझं, मिशी कुणाची तरी दुसऱ्याची.
भगूरचा सलूनवाला पैसे घेईना,
तेव्हापासून दाढी घरीच.
धात्रकनं तर शाळेतल्या पोरांना सांगून टाकलं,
मी आचारी होतो रे, डाळ शिजवायचो.

इंटरव्हल.
समोशांचा वास, मोबाइलचे उजेड.
'साहेब, एक फोटो. फक्त तुम्ही.
ताई, जरा सरका.'
हे नेमकं उजव्या कानात पडलं.

वहिनी उठू लागल्या.
'नको!' मी ओरडलो,
'सरकू नका!'
हातातला गुच्छ खाली, फोटोवाला दोन पावलं मागे,
अख्खं थिएटर गप्प.

मग मागच्या रांगेतून कुणीतरी
कौतुकानं म्हणालं,
'बघ, आवाज अगदी
सिनेमातल्यासारखा.'